चार्जरची साक्ष कोण तपासणार?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय जाहीर झाल्यापासून मला दोन-तीन जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला बॅटरीच्या चार्जरवर काय बोलायचं आहे? प्रश्न रास्त आहे. निवृत्तीनंतर बाल्सा लाकडाची आणि फोमची छोटी रेडिओ-नियंत्रित विमानं करण्याचा नाद मला लागला, हे एक कारण. दुसरं कारण असं, की या छंदातली एक लहानशी वस्तू माझ्या जुन्या विषयाच्या मुळाशीच जाऊन बसते. कोणी सांगितलेली गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं? हा प्रश्न वर्गात विचारला तर मुलं घड्याळाकडे बघतात. चार्जरच्या बाबतीत विचारला तर सगळे सावरून बसतात, कारण उत्तर चुकलं तर घरात आग लागू शकते.

तर आज टेबलावर आहे तळहातावर मावेल असा एक चार्जर. खोक्यावर तीन दावे छापलेले आहेत: ५० वॅट, ६ अँपिअर, १ ते ६ सेल. याची परीक्षा कशी घ्यायची हे पाहू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चार्जर किती वेगात भरतो ही त्याची खरी परीक्षा नव्हे. तो कुठे थांबतो आणि कशामुळे थांबतो, ही खरी परीक्षा. आणि ती त्याच्या स्वतःच्या पडद्यावरचे आकडे वाचून घेता येत नाही.

थांबणं एवढं महत्त्वाचं का?

आपल्या छंदात बहुतेक ठिकाणी लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरतात, तिला सगळे लायपो म्हणतात. एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि काही दिवस ठेवून द्यायची असेल तर साधारण ३.८. तीन सेल एकामागे एक जोडले की झाला ‘थ्री एस’ पॅक. नाममात्र ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६.

मध्यम आकाराच्या विमानात ३ एस, २२०० मिलीअँपिअर-तासांचा पॅक सर्रास असतो. त्यातली ऊर्जा किती? ११.१ गुणिले २.२, म्हणजे साधारण २४ वॅट-तास. ज्यूलमध्ये सुमारे ८८ हजार. एक टन वजनाची मोटार जमिनीपासून नऊ मीटर, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलायला एवढी ऊर्जा लागते. ती आपण दोनशे ग्रॅमच्या आसपासच्या एका मऊ पाकिटात भरून मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवतो! पेट घेतला तर आतल्या रसायनांची जळण्याची ऊर्जा वेगळीच.

४.२ च्या पुढे दामटून भरत राहिलं की सेलमधली रसायनं बिघडायला लागतात. आत वायू तयार होतो, पाकीट फुगतं, उष्णता वाढते. उष्णतेने बिघाड वाढतो आणि बिघाडाने पुन्हा उष्णता वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की बाहेरून थांबवणं कठीण. मोबाइलच्या बॅटरीत याविरुद्ध एक संरक्षक सर्किट आतच बसवलेलं असतं. छंदातल्या पॅकमध्ये बहुधा ते नसतं, कारण विमानाला वजन कमी आणि प्रवाह भरपूर हवा असतो. म्हणजे राखण करणारा एकटा चार्जर. तोच चुकला तर मागे दुसरं कोणी नाही.

तोच कर्ता, तोच साक्षीदार

चार्जर काम कसं करतो? पहिल्या टप्प्यात तो ठरलेला प्रवाह सोडतो. २२०० च्या पॅकला २.२ अँपिअर, याला ‘वन सी’ म्हणतात. व्होल्टेज हळूहळू चढत जातं. सेल ४.२ ला पोचले की दुसरा टप्पा: आता व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि प्रवाह आपोआप कमी होऊ द्यायचा. तो मूळच्या साधारण दहाव्या भागावर, म्हणजे २२० मिलीअँपिअरवर आला, की काम संपलं.

आता बघा, ४.२ झाले हे त्याला सांगतो कोण? तो स्वतःच मोजतो. भरणारा तो, मोजणारा तो, ‘पूर्ण भरली’ असा निकाल देणाराही तोच. त्याचं मोजमाप एक टक्क्याने खाली सरकलं असेल, तर तो खऱ्या ४.२४ व्होल्टवर थांबेल आणि पडद्यावर मात्र ४.२० दाखवेल. पडद्याकडे बघून ही चूक कधीच कळणार नाही. ज्या चुकीमुळे तो उशिरा थांबला, तीच चूक पडद्यावरच्या आकड्यात आहे.

मंडईत भाजीवाला स्वतःच्या काट्यावर स्वतःचा माल तोलतो. व्यवहारातला पक्षकारही तो आणि साक्षीदारही तोच. म्हणून तर वैध मापनशास्त्र खात्याने काटा तपासून त्यावर मुद्रा मारायची पद्धत आहे. आपल्या चार्जरवर अशी मुद्रा नसते, ती आपली आपणच मारायची. आणि मराठीत त्यासाठी शब्दही फार नेमका आहे: कसोटी. कसोटी म्हणजे सराफाचा काळा दगड. त्यावर आपल्या दागिन्याची रेघ ओढायची आणि शेजारी माहीत असलेल्या सोन्याची. सोनं स्वतःबद्दल काही बोलत नाही, दोन रेघा शेजारी ठेवल्या की फरक दिसतो.

पहिली कसोटी: खोक्यावरचे शब्द

नैयायिक शब्द हे एक प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त असावा, म्हणजे जाणकार आणि खरं सांगणारा असावा, अशी अट घालतात. खोक्यावरचा मजकूर लिहिणारा आप्त आहे की विक्रेता, हे तपासायला उपकरण लागत नाही. गुणाकार-भागाकार पुरतो.

‘५० वॅट, ६ अँपिअर, १ ते ६ सेल’. ही तिन्ही विधानं सुटी सुटी खरी असू शकतात, पण एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ५० ला ६ ने भागलं तर ८.३ व्होल्ट येतात. म्हणजे ६ अँपिअर मिळणार ते साधारण दोन सेलपर्यंतच. तीन सेलचा पॅक १२.६ व्होल्टकडे जातो तेव्हा ५० वॅटमध्ये ४ अँपिअर मिळतात. सहा सेल असतील तर २ अँपिअर. तुमच्या सहा सेलच्या ५००० मिलीअँपिअर-तासांच्या पॅकला तास लागेल असं धरून तुम्ही मैदानावर गेलात, तर अडीच तासांहून जास्त वेळ झाडाखाली बसावं लागेल. चार्जर खोटं बोलला नाही, आपण तीन वाक्यं एकत्र वाचली नाहीत.

बॅटरी रिकामी करण्याची सोय त्याच धाटणीची. बऱ्याच छोट्या चार्जरमध्ये ती फक्त ५ वॅटची असते. ११.१ व्होल्टला ५ वॅट म्हणजे ०.४५ अँपिअर, म्हणजे २२०० चा भरलेला पॅक पूर्ण उतरवायला सुमारे पाच तास. पावसाने बेत फिसकटला आणि भरलेले चार पॅक ३.८ वर आणून ठेवायचे असतील, तर ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

तिसरं गणित वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरचं. चार्जर बाहेर ५० वॅट देतो तेव्हा आत थोडी जास्त घेतो. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सुमारे ५९ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ५ अँपिअर. घरात पडलेलं १२ व्होल्ट, २ अँपिअरचं अडॅप्टर लावलं तर ते फक्त २४ वॅट देऊ शकतं. मग चार्जर मधेच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि आपण चार्जरला दोष देतो.

दुसरी कसोटी: व्होल्टेज

आता मुख्य परीक्षा. पॅक भरून घ्या, चार्जरपासून सोडवा, अर्धा तास तसाच ठेवा. मग प्रत्येक सेलचं व्होल्टेज बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगवरून मल्टिमीटरने मोजा. तीन सेलला चार तारा असतात: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी अशा जोड्या. टोकं शेजारच्या पिनला लागणार नाहीत याची काळजी घ्या. चार्ज चालू असताना मुख्य तारांवर मोजू नका. वाहत्या प्रवाहामुळे तारा आणि कनेक्टर यांत थोडं व्होल्टेज सांडतं. २० मिलीओहमचा रोध असेल तर २.२ अँपिअरला ४४ मिलीव्होल्ट. आपण बॅटरी मोजतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात तार मोजत असतो.

समजा मीटरवर ४.१९, ४.२०, ४.१९ आले. झालं का? एखादा चिकित्सक विद्यार्थी हात वर करील: ‘सर, मीटर बरोबर आहे कशावरून?’ आणि त्याचं बरोबर आहे. हातात धरायचा साधा मीटर डीसी व्होल्टेजला साधारण अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेचा असतो. ४.२ चा अर्धा टक्का म्हणजे २१ मिलीव्होल्ट. २० व्होल्टच्या पट्ट्यावर त्याचा शेवटचा आकडा मुळात १० मिलीव्होल्टच्या पायरीने बदलतो. त्याच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली, की स्वस्तातले मीटर उगाच चढा आकडा दाखवतात. तर मग मीटर तपासायला दुसरा मीटर, तो तपासायला तिसरा. याला आपल्या शास्त्रांत अनवस्था म्हणतात. साखळी कुठे टेकतच नाही.

ती प्रत्यक्षात कुठेतरी टेकते. प्रयोगशाळांचे मीटर अधिक चांगल्या मानकांशी ताडले जातात, ती मानकं आणखी वरच्या मानकांशी, आणि भारतापुरती ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. २० मे २०१९ पासून तर व्होल्ट हा प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांच्या ठरवून दिलेल्या किमतींवर उभा आहे. पण छंदासाठी मीटर घेऊन दिल्लीला जाण्याची गरज नाही. दोन गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतंत्र साक्षीदार. एक मल्टिमीटर, सेल तपासायचं एक छोटं खिशातलं यंत्र, आणि मित्राचा वेगळ्या बनावटीचा चार्जर. तिघे एकच सांगत असतील तर तिघेही एकाच दिशेने तेवढेच चुकले असण्याची शक्यता फार कमी. मात्र साक्षीदार खरोखर स्वतंत्र हवेत. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन चार्जर म्हणजे एकाच गुरूकडून पाठांतर करून आलेले दोन विद्यार्थी. दोघांचं उत्तर जुळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्याला किती अचूकता हवी आहे ते आधी ठरवणं. दहा-वीस मिलीव्होल्टने पॅकचं काही बिघडत नाही. पन्नासचा फरक दिसला तर मी तो चार्जर वापरायचा थांबवीन आणि चौकशी करीन. शंभरचा, म्हणजे सेल ४.३० ला नेणारा चार्जर मी घरात ठेवणार नाही. २१ मिलीव्होल्टने चुकू शकणारा मीटर १० मिलीव्होल्टचा वाद सोडवू शकत नाही. १०० चा वाद मात्र नक्की सोडवतो. आणि घराला धोका त्या शंभरचा आहे.

तिसरी कसोटी: बेरीज आणि घटक

एकूण व्होल्टेज १२.६० आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ४.२० अधिक ४.२० अधिक ४.२० म्हणजे १२.६०. पण ४.३० अधिक ४.२० अधिक ४.१० म्हणजेही १२.६०! सरासरी ठीक आणि एक सेल धोक्यात. फक्त मुख्य तारांकडे बघणाऱ्या चार्जरला हा फरक दिसूच शकत नाही. त्यासाठी बॅलन्सचा प्लग असतो. त्यातून चार्जर प्रत्येक सेल सुटा मोजतो आणि जो पुढे गेला त्याचा थोडा प्रवाह एका रोधातून उष्णतेच्या रूपात काढून टाकतो.

हे काम तो खरंच करतो का, हे पाहायला मुद्दाम असमतोल तयार करावा. ३.८ व्होल्टच्या आसपास असलेला पॅक घ्या. त्याच्या एकाच सेलला बॅलन्सच्या तारांवरून १० ओहम, ५ वॅटचा रोध पंधरा मिनिटं लावा. ०.३८ अँपिअरने साधारण ९५ मिलीअँपिअर-तास त्या सेलमधून निघून जातील. रोध तापतो, बोटं जपा. मग ‘बॅलन्स चार्ज’ लावा. चार्जरची समतोल साधण्याची क्षमता ३०० मिलीअँपिअर असेल तर ९५ चा फरक मिटवायला त्याला वीसेक मिनिटं जास्तीची लागतील. शेवटी तिन्ही सेल एकमेकांच्या १०-१५ मिलीव्होल्टच्या आत आले तर उत्तीर्ण. ‘शेवटचे पाच टक्के भरायला एवढा वेळ का?’ ही नेहमीची तक्रारही यातून सुटते. त्या वेळात तो भरत कमी असतो, जुळवत जास्त असतो.

चौथी कसोटी: मोजदाद

किती मिलीअँपिअर-तास भरले हा आकडा आपण फार विश्वासाने वाचतो, कारण त्यावरून उड्डाणाची वेळ ठरते. तो तपासायला एक घड्याळ आणि मीटर पुरतो. प्रवाह १ अँपिअरवर ठेवा. पहिल्या टप्प्यात, प्रवाह स्थिर असताना, बरोबर ३० मिनिटांत आकडा ५०० ने वाढायला हवा. वाढला तर चार्जरचं आतलं गणित ठीक आहे.

पण त्याचा ‘१ अँपिअर’ खरा आहे का? ते घड्याळ सांगणार नाही. त्यासाठी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मुख्य तारेच्या मधोमध, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत जोडावा लागतो. इथे एक कडक सूचना: तार अँपिअरच्या खाचेत असताना मीटर कधीही थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका. तो शॉर्टसर्किट होतो. मीटरने ०.९७ दाखवले तर समजा, की तुमचा चार्जर भरल्यापेक्षा सुमारे तीन टक्के जास्त सांगतो. हे दोष म्हणून वहीत लिहायचं आणि हिशेबात धरायचं. याने आग लागत नाही. व्होल्टेजची चूक आणि मोजदादीची चूक यांना एकाच तराजूत घालू नये.

पाचवी कसोटी: अडवणूक

न्यायशास्त्रात संशयाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? दोघांत समान असलेला गुण, उंची, तेवढा दिसतो. फरक करणारी खूण दिसत नाही. संशय जन्मतो तो इथे.

चार्जरची स्थिती अगदी हीच असते. मुख्य तारांवर त्याला ७.४ व्होल्ट दिसले. हे निम्मे भरलेले दोन सेल की पार मेलेले तीन? आकडा दोघांनाही लागू पडतो. तीन समजून तो भरायला लागला आणि होते दोनच, तर तो १२.६ कडे निघेल, म्हणजे प्रत्येक सेल ६.३ कडे. वेगळी खूण मिळते ती बॅलन्सच्या प्लगमधून: तारा किती आहेत, सेल किती आहेत.

म्हणून चार्जरला मुद्दाम कोंडीत पकडायचं. पण नियम एक: ही परीक्षा भरलेल्या पॅकवर घ्यायची नाही. ३.८ च्या आसपासचा पॅक घ्यायचा, म्हणजे चार्जर नापास झाला तरी तार काढायला आपल्याला वेळ मिळतो. दोन सेलचा पॅक जोडा, पडद्यावर तीन सेल निवडा. चांगला चार्जर सुरूच होत नाही, तक्रार करतो. चार्ज चालू असताना बॅलन्सचा प्लग ओढून काढा. त्याने तत्काळ थांबून ओरडायला हवं. भरण्याची मर्यादा २०० मिलीअँपिअर-तासांवर ठेवा आणि १ अँपिअरने सुरू करा. बारा मिनिटांत तो थांबला पाहिजे. आणि आपल्याकडची खास परीक्षा: चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावा. वीज गेली-आली की त्याने गुपचूप स्वतःहून पुन्हा भरायला लागता कामा नये.

मी दोन चार्जर असे शेजारी ठेवून पाहिले. नावं सांगत नाही, दिसायला भावंडंच. दोघांनीही व्होल्टेजची परीक्षा उत्तम दिली, ४.२० म्हणजे ४.२०. पण बॅलन्सचा प्लग ओढल्यावर एक शिट्टी वाजवून थांबला, आणि दुसरा जणू काही झालंच नाही अशा थाटात भरत राहिला. वेगाच्या परीक्षेत हा फरक कधीच दिसला नसता. सगळं सुरळीत असताना बरोबर वागणारे पुष्कळ असतात. राखणदार निवडताना आपण त्याला चोर आल्यावर काय करतोस ते विचारतो.

एक गोष्ट मात्र कुठलाही चार्जर स्वतःहून ओळखू शकत नाही, ती म्हणजे बॅटरीची जात. बॅलन्सच्या तारा सेलची संख्या सांगतात, आतलं रसायन नाही. लायपो ४.२० ला थांबते, जास्त व्होल्टेजची ‘लाय-एचव्ही’ ४.३५ ला, लिथियम-आयर्न-फॉस्फेट ३.६ च्या आसपास. साध्या लायपोला चुकून ‘एचव्ही’ निवडलं तर चार्जर अतिशय प्रामाणिकपणे तिला ४.३५ पर्यंत नेईल. इथे शब्दप्रमाण तुमचं आहे आणि ऐकणारा तो आहे. आप्त होण्याची जबाबदारी आपल्यावर.

उष्णतेचं काय?

लहान चार्जरची अडचण लहानपणाचीच असते. ५० वॅट देताना ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर नऊएक वॅटची उष्णता त्या चिमुकल्या डबीतून बाहेर पडायची असते. म्हणून पूर्ण भाराची परीक्षा पाच मिनिटांत आटोपू नका, निदान अर्धा तास चालवा. काही चार्जर तापल्यावर प्रवाह आपणहून कमी करतात. तो दोष नव्हे, शहाणपण आहे. पण तेवढा वेळ वाढतो हे टिपून ठेवा.

लिथियम बॅटरी भरायला साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा मानतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या आसपास जाते. मोटारीच्या डिकीतली किंवा आत्ताच उड्डाण करून आलेली बॅटरी तर त्याहून गरम. तिथे चार्जर कितीही उत्तम असो, सावली आणि धीर यांना पर्याय नाही.

रोज मीमांसक, एखादे दिवशी नैयायिक

आता शेवटचा मुद्दा. एवढा संशय घेऊन माणूस विमान उडवणार कधी? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक काही पुढे येत नाही तोवर ते खरं मानूनच चालायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून, त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली की नाही यावरून ठरतं. हे परतःप्रामाण्य.

मला वाटतं, छंदाच्या टेबलावर दोघांनाही जागा आहे. चार्जर नवा आला, हातातून पडला, पाण्यात भिजला किंवा वर्षभर वापरून झाला, त्या दिवशी नैयायिक व्हा. वही काढा, मीटर काढा, पाचही कसोट्या घ्या. तारखेसह लिहून ठेवा. बाकीच्या दिवशी मीमांसक व्हा आणि पडद्यावर विश्वास ठेवा. फक्त बाधक दिसलं तर डोळेझाक करू नका. एखादा सेल नेहमी मागे राहतो, पॅक नेहमीपेक्षा जास्त घेतो, पाकीट किंचित फुगलंय, हाताला गरम लागतंय, ही बाधकं आहेत. अमर्याद संशय घेणाऱ्याला दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त उत्तर दिलेलं आहे. त्याचा आशय असा, की तुमच्या स्वतःच्या वागण्याशीच विसंगत होईल तिथे शंकेची हद्द संपते. मीटरवर विश्वास नाही म्हणायचं आणि त्याच मीटरने घरातला प्लग तपासून त्यात बोट घालायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

एका श्रोत्यांनी विचारलं आहे, की चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मिलीओहममध्ये दाखवतो, त्यावर किती विसंबावं? निरपेक्ष आकडा म्हणून फारसं नाही. तापमान, बॅटरी किती भरली आहे, कनेक्टर किती घट्ट बसलाय, या सगळ्यांनी तो बदलतो. पण तोच चार्जर, तोच पॅक, साधारण तेच तापमान, अशी दर दोन महिन्यांनी नोंद ठेवली तर तिचा फार उपयोग होतो. तीनपैकी एका सेलचा आकडा दुप्पट झाला, तर तो सेल म्हातारा झाला. तुलना विश्वासार्ह, आकडा नाही.

दुसरा प्रश्न: नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर परीक्षा टाळता येईल का? कमी करता येईल, टाळता येणार नाही. लोकप्रिय चार्जरच्या नकला फार निघतात. स्कायआरसी कंपनीचा ‘आयमॅक्स बी६’ तर इतका नकलला गेला, की खोक्यावरचं नाव हा पुरावाच उरला नाही. तुमच्या हातातला नग कुठल्या कारखान्यातून आलाय हे खोकं सांगत नाही, मीटर सांगतो.

तिसरा प्रश्न एका आजींचा आहे: ‘नातू रात्री बॅटरी लावून झोपतो. चार्जर सगळ्या परीक्षांत पास आहे. चालेल ना?’ नाही चालणार, आजी. परीक्षा कालची होती. आज एखादी सोल्डर सुटली, पंख्यात धूळ अडकली, सेलला विमान पडताना मार बसला, हे कालच्या वहीत लिहिलेलं नाही. परीक्षेने धोका कमी होतो, राखण संपत नाही. त्याला सांगा, फरशीवर ठेवायची, पडदे-गाद्या-पुस्तकांपासून लांब, शेजारी वाळूची बादली, आणि माणूस जागा. तास-दीड तासाचं तर काम आहे. तोवर त्याने तुमच्याशी गप्पा माराव्यात.